एकाच सर्व्हरवर तीन टीम : सीपीयूची वाटणी नेमकी कोणाकोणात करायची?

पंचवटीकर (धागाकर्ता)

मंडळी, थोडं लांबण लावतोय, पण अर्धवट माहिती दिली की इथे पहिले दहा प्रतिसाद "लॉग टाका"चेच येतात, म्हणून सगळं एकदमच सांगतो.

गंगापूर रोडला आमचं छोटं ऑफिस आहे. सोळा कोअरचा (म्हणजे एका वेळी सोळा कामं करू शकणारा) एक लिनक्स सर्व्हर, जरा जुनाच, आतल्या खोलीत एसीखाली ठेवलेला. त्यावर तीन कामं चालतात. पहिलं ड्रोनचं. दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षबागांचे फोटो येतात, ते जोडून एकसंध नकाशा बनवायचा. हे काम म्हणजे बकासुर, ४८ प्रोसेस (चालू प्रोग्राम) एकदम सुटतात. दुसरं, लॉज आणि होमस्टे बुकिंगची एक वेबसाइट. सिंहस्थामुळे सध्या सगळ्यांचा जीव तिच्यात अडकलाय. आणि तिसरं, आमची एक सहकारी रोज आकडेवारीचा रिपोर्ट काढते. तिची प्रोसेस एकच, थ्रेडही एकच, म्हणजे एका वेळी एकच कोअर वापरणारी.

तक्रार तिचीच आहे. एरवी वीसेक मिनिटांत होणारा रिपोर्ट ड्रोनचं काम चालू असलं की तासभर रखडतो. ड्रोनवाले म्हणतात, आम्ही नाइस १९ लावूनच काम सोडतो, याहून खाली कुठे जायचं? (नाइस म्हणजे प्रोसेसने किती मागे सरायचं तो आकडा. नेहमीचा ०, आणि १९ म्हणजे सर्वात मागे.) खोटं नाही बोलत, टॉपमध्ये (चालू प्रोसेसच्या यादीत) सगळ्यांसमोर १९ दिसतो. तरी फरक म्हणाल तर शून्य.

साहेबांनी नवीन सर्व्हरचं कोटेशन मागवलंय. मला ते पटत नाही. एका थ्रेडला धड एक कोअर मिळत नाही म्हणून आख्खं मशीन घ्यायचं? कुठे पाणी मुरतंय ते सांगा.

अंबड_लिंकरोड

ड्रोनचं काम रात्री चालवा. विषय संपला.

पंचवटीकर

रात्रीही चालतंच हो. पण फोटो दुपारी येतात आणि बागायतदाराला दुसऱ्या दिवशी फवारणीला बाहेर पडायच्या आत नकाशा हवा असतो. फळछाटणीनंतरच्या दिवसांत तर विचारूच नका.

कर्नलप्रेमी

आधी हिशेब बघू, म्हणजे रिपोर्टला तिप्पट वेळ का लागतो ते कळेल.

४८ प्रोसेस ड्रोनच्या आणि १ रिपोर्टची, एकूण ४९. कोअर १६. सगळ्यांना सारखं वाटलं तर प्रत्येकीच्या वाट्याला १६ भागिले ४९, म्हणजे साधारण ०.३३ कोअर. रिपोर्टला एक तृतीयांश कोअर मिळतोय, म्हणून वीस मिनिटांचा तास होतोय. म्हणजे शेड्युलर (सीपीयू कोणाला कधी द्यायचा ते ठरवणारा लिनक्सचा भाग) बिघडलेला नाही, तो काटेकोर न्यायच करतोय. फक्त तो न्याय प्रोसेस मोजून करतोय, माणसं मोजून नाही.

२००७ च्या ऑक्टोबरात २.६.२३ कर्नलमध्ये (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) इंगो मोल्नार यांचा सीएफएस शेड्युलर आला, तेव्हापासूनचं हे तत्त्व आहे. (त्यामागे कॉन कोलिव्हास या ऑस्ट्रेलियन डॉक्टरच्या कामाची प्रेरणा होती. पेशाने भूलतज्ज्ञ माणूस, फावल्या वेळात शेड्युलर लिहायचा. असो.) प्रत्येक प्रोसेसने आजवर किती वेळ खाल्ला याची एक आभासी नोंद ठेवायची, त्याला व्हीरनटाइम म्हणतात. ज्याची नोंद सर्वात कमी, त्याला पुढचा नंबर. वजन जास्त असेल त्याची नोंद हळू वाढते, म्हणून त्याला जास्त वेळ मिळतो. नाइस ० चं वजन १०२४. नाइसची एक पायरी उतरलं की वजन साधारण सव्वा पटीने घटतं, आणि १९ वर पोचेपर्यंत उरतं फक्त १५.

आता इथेच मला तुमची गोष्ट खटकते. एका कोअरवर ड्रोनच्या तीन प्रोसेस धरा. तिघींचं मिळून वजन ४५. समोर रिपोर्टचं १०२४. म्हणजे रिपोर्टला त्या कोअरचा ९५ टक्क्यांहून जास्त वेळ मिळायला हवा. तुम्ही म्हणताय फरक शून्य. मग १९ चा आकडा दिसतोय, पण तो कुठेतरी निष्प्रभ होतोय.

अंबड_लिंकरोड

नाइस लावलाय रूट (अॅडमिनचे हक्क) नसताना, म्हणून?

कर्नलप्रेमी

नाही हो. नाइस लावून स्वतःला मागे ढकलायला रूट लागत नाही, पुढे यायला लागतो.

टर्मिनलताई

पंचवटीकर, दोन गोष्टी बघून सांगा. ड्रोनच्या कुठल्याही चार-पाच प्रोसेसचे क्रमांक घ्या. प्रोक फोल्डरात त्या क्रमांकाच्या आत ऑटोग्रुप नावाची फाइल असते, ती कॅट करा (उघडून वाचा). दुसरं, ड्रोनची स्क्रिप्ट या ४८ प्रोसेस सोडते कशी? त्यात सेटसिड (प्रोसेसला नवं, स्वतंत्र सेशन देणारी कमांड) आहे का?

पंचवटीकर

ताई, तुम्ही आमच्या सर्व्हररूममध्ये कॅमेरा लावलाय का? हो, सेटसिड आहे. मध्यंतरी कनेक्शन तुटलं की अर्ध्यावरची कामं मरायची, म्हणून कोणीतरी प्रत्येक तुकड्याच्या कामाला सेटसिड लावून ठेवलंय.

ऑटोग्रुप फाइलमध्ये असं दिसतंय:

ऑटोग्रुप-४१२ नाइस ०
ऑटोग्रुप-४१३ नाइस ०
ऑटोग्रुप-४१४ नाइस ०
ऑटोग्रुप-४१५ नाइस ०

प्रत्येकाचा नंबर वेगळा. आणि नाइस ० कसा? टॉपमध्ये तर १९ आहे.

टर्मिनलताई

सापडलं मग. सविस्तर लिहिते, कारण ही गाठ बऱ्याच जणांना बसते आणि मग नाइस निकामी झाला असा समज होतो.

२०१० मध्ये माइक गॅलब्रेथ यांनी एक छोटा पॅच लिहिला, दोनशेएक ओळींचा. तो २०११ मध्ये २.६.३८ कर्नलमध्ये गेला. तेव्हाचं दुखणं डेस्कटॉपचं होतं. एका टर्मिनलमध्ये कर्नलचं कंपाइल पंचवीस-तीस जॉब लावून सोडलं की दुसरीकडे व्हिडिओ अडखळायचा. तुमच्या रिपोर्टचंच दुखणं. पॅचने केलं इतकंच की एका सेशनमधल्या (साधारणपणे एका टर्मिनलमधल्या) सगळ्या प्रोसेसचा एक गट धरला आणि सीपीयू आधी गटागटांत वाटला, मग गटाच्या आत प्रोसेसमध्ये. कंपाइल एका टर्मिनलमध्ये, म्हणून तो सगळा मिळून एक गट, आणि व्हिडिओ प्लेअर दुसरा. कोणी काही सेटिंग करायचं नाही, आपोआप. म्हणून नाव ऑटोग्रुप.

नवीन सेशन कधी तयार होतं? सेटसिड केलं की. तुमच्या स्क्रिप्टने ४८ वेळा सेटसिड केलं, म्हणून कर्नलच्या हिशेबी ४८ गट झाले. रिपोर्ट हा एकोणपन्नासावा. फिरून त्याच ०.३३ कोअरवर आलो.

आता नाइसचं. ऑटोग्रुप चालू असताना प्रोसेसचा नाइस फक्त त्याच गटातल्या बाकीच्यांच्या तुलनेत लागू होतो. तुमच्या प्रत्येक गटात प्रोसेस एकच. तिचं वजन १५ असो की १०२४, गटात दुसरं कोणीच नाही, तर गटाला आलेला सगळा वेळ तिलाच. आणि गट एकमेकांशी भांडतात ते गटाच्या नाइसवर, तो ० च आहे. तुम्हाला फाइलमध्ये दिसलेलं शून्य ते.

त्या ऑटोग्रुप फाइलमध्येच १९ लिहिलंत तर त्या गटाचा नाइस बदलतो. पण ४८ फाइलींत रोज लिहीत बसणं काही खरं नाही.

कर्नलप्रेमी

सुंदर. ताई, दंडवत. सेशनचा विचारच डोक्यात आला नाही.

मळेवाला

मी दिंडोरी तालुक्यातला, पेशाने प्रोग्रामर, घरी द्राक्षबाग. (पंचवटीकर, तुमच्या नकाशात आमचा मळाही असेल कदाचित!) हे वाचताना एकदम वाघाडच्या कालव्याची आठवण झाली.

आमच्याकडे धरणाचं पाणी शेतकऱ्याला थेट मोजून मिळत नाही, पाणी वापर संस्थेला मिळतं. संस्थेच्या दारात घनमापनाने मोजून पाणी द्यायचं, आणि आत कोणाला कधी, किती, ते संस्था ठरवणार. २००५ च्या कायद्याने हे राज्यभर आलं, पण वाघाडला त्याच्या बऱ्याच आधीपासून सुरू होतं. एखाद्या संस्थेत सातबारे फोडून खातेदार दुप्पट झाले, तरी संस्थेचा कोटा वाढत नाही. सेटसिडने जे केलं ते म्हणजे एकाच घरातल्या ४८ जणांनी ४८ संस्था नोंदवल्या, असंच ना?

टर्मिनलताई

अगदी तसंच. आणि नाइस म्हणजे संस्थेच्या आतली पाळी. दुसऱ्या संस्थेवर तिचा काही परिणाम नाही.

जुना_सिसॅडमिन

मळेवाल्यांचं उदाहरण चांगलं आहे, पण एका ठिकाणी ते घसरतं आणि तीच जागा महत्त्वाची आहे. एखाद्या संस्थेने या आवर्तनात पाणी कमी उचललं तर ते धरणात राहतं, पुढे कधीतरी उपयोगी पडतं. सीपीयूचा न वापरलेला मिलिसेकंद गेला तो गेला, तो साठवता येत नाही. म्हणून चांगला शेड्युलर काय करतो? एका गटाला गरज नसली की त्याचा वाटा लगेच बाकीच्यांना देऊन टाकतो. आणि तो गट नंतर जागा झाला तर "सकाळपासून मी काही घेतलं नाही, आता माझी थकबाकी द्या" असं म्हणता येत नाही. झोपून उठलेल्याची नोंद साधारण चालू असलेल्यांच्या बरोबरीला आणून ठेवतात. नाहीतर दिवसभर झोपलेला गट उठल्यावर तासभर कोणाला हात लावू देणार नाही.

याच्या उलट विचारही झालेला आहे, आणि तो जुना आहे. सिडनी विद्यापीठातले ज्युडी के आणि पिअर्स लॉडर यांनी १९८८ मध्ये त्यांच्या फेअर शेअर शेड्युलरवर लेख लिहिला. विद्यापीठाचं मशीन एक आणि विद्यार्थी ढीगभर. त्यांच्या पद्धतीत आधी किती वापरलं ते लक्षात राहायचं, पण काळाबरोबर ती आठवण पुसट होत जायची. काल रात्रभर मशीन ओरबाडणारा आज सकाळी मागे राहायचा. माझ्या मते शिकवणाऱ्या संस्थेत तेच बरोबर. ऑफिसात लिनक्सची पद्धत बरी, कारण काल कोणी काय केलं याचा राग आजच्या रिपोर्टवर काढून उपयोग नाही.

आता उपाय. लिनक्समध्ये गटवार वाटणी ऑटोग्रुपच्याही आधीपासून आहे. २००८ च्या जानेवारीतल्या २.६.२४ मध्ये ती आली, त्यात आयबीएममधले श्रीवत्स वड्डगिरी यांचा मोठा वाटा. त्याच आवृत्तीत सीग्रुप आले. ते गुगलमध्ये पॉल मेनाज आणि रोहित सेठ यांनी २००६ मध्ये सुरू केलेलं काम. सीग्रुप सांगतो कोण कुठल्या गटात, शेड्युलर त्या गटाला एखाद्या प्रोसेससारखं वजन देतो. वरच्या रांगेत गट उभे असतात, निवडलेल्या गटाच्या आत पुन्हा तशीच रांग. असं कितीही खोल.

तुम्ही सिस्टमडीमध्ये (लिनक्सवरच्या सेवा सांभाळणारा प्रोग्राम) ड्रोनसाठी एक स्लाइस, म्हणजे एक सीग्रुप, करा, त्यात सीपीयू-वेट १०० ठेवा, आणि ड्रोनची मूळ स्क्रिप्ट सिस्टमडी-रनने त्या स्लाइसमध्ये सोडा. मग आत सेटसिड ४८ वेळा होऊ दे नाहीतर ४८० वेळा. सेशन बदललं तरी सीग्रुप बदलत नाही, पोरं बापाच्याच गटात राहतात. आणि ऑटोग्रुप फक्त मुळाच्या (सर्वात वरच्या) सीग्रुपमध्ये असलेल्यांना लागू होतो, इथे तो आपोआप बाजूला पडतो.

पंचवटीकर

समजा ड्रोनला १०० आणि रिपोर्टलाही १००. मग ड्रोनला १६ पैकी ८ च कोअर मिळणार का? ड्रोनवाले मला जिवंत सोडणार नाहीत.

जुना_सिसॅडमिन

नाही. रिपोर्टचा हक्क ८ कोअरचा, पण तो एका थ्रेडचा माणूस, एका कोअरहून जास्त खाऊच शकत नाही. उरलेले १५ ड्रोनला. आज ड्रोनला मिळतात १५.६७. म्हणजे ड्रोनचं नुकसान चार-साडेचार टक्के आणि रिपोर्ट तिप्पट वेगाने. हा हिशेब साहेबांना कागदावर काढून दाखवा आणि शेजारी नव्या सर्व्हरचं कोटेशन ठेवा.

आत काय होतं तेही सांगतो, मजेशीर आहे. गटाचं वजन आख्ख्या मशीनसाठी एकच असतं, पण रांग प्रत्येक कोअरची वेगळी. म्हणून गटाचं वजन, त्याचा लोड जिथे जिथे पसरलाय त्या प्रमाणात कोअरकोअरवर विभागलं जातं. दोन्ही गटांचं वजन १०२४ धरा. ड्रोन सोळा कोअरवर पसरलेला, त्याला एका कोअरवर मिळतात ६४. रिपोर्ट एकाच कोअरवर, त्याचे सगळे १०२४ तिथेच. त्या कोअरवर १०२४ विरुद्ध ६४, म्हणजे ९४ टक्के रिपोर्टचे. शिवाय लोड बॅलन्सर (कोअरकोअरवरचा भार सारखा करणारा शेड्युलरचा भाग) ड्रोनच्या प्रोसेस तिथून हळूहळू दुसरीकडे सरकवतो.

कर्नलप्रेमी

या विभागणीचाच एक जुना घोटाळा आहे. २०१६ मध्ये युरोसिस परिषदेत काही संशोधकांनी दाखवलं होतं की बऱ्याच नोड (कोअरचे गट) असलेल्या मोठ्या मशीनवर हे हिशेब लोड बॅलन्सरला फसवायचे. एका गटातला एकटा थ्रेड एवढा वजनदार दिसायचा की त्याच्या नोडची सरासरी वाढायची, आणि त्याच नोडवरचे रिकामे कोअर बाकीच्यांचं काम उचलायला जायचेच नाहीत. कोअर रिकामे आणि शेजारी रांग लागलेली. पंचवटीकरांना याची काळजी नाही, एका सॉकेटच्या (एकच प्रोसेसर चिप असलेल्या) मशीनवर ते होणार नाही.

रात्रपाळी

एवढा खटाटोप कशाला? ड्रोनला कोटा लावा. सीपीयू-कोटा ८०० टक्के, म्हणजे आठ कोअर. रिपोर्ट सुखी, वेबसाइट सुखी. आम्ही कंटेनरवाले (एका मशीनवर अनेकांचे वेगळे कप्पे चालवणारे) सगळीकडे हेच करतो.

टर्मिनलताई

इथे मात्र मी भांडणार. वजन आणि कोटा या दोन वेगळ्या जाती आहेत. वजन फक्त खेचाखेच असते तेव्हा बोलतं, कोणी नसेल तर ड्रोनने सोळाच्या सोळा घ्यावेत. कोटा मात्र मशीन रिकामं असलं तरी हात आडवा घालतो. रात्री दोनला ऑफिसात चिटपाखरू नाही, आठ कोअर नुसते एसीची हवा खातायत, आणि ड्रोनचं काम दुप्पट वेळ रखडलंय. हे कोणाच्या फायद्याचं?

कोटा चालतो कसा तेही बघा. गुगलचे पॉल टर्नर, आयबीएमचे भरत राव वगैरेंनी लिहिलेलं हे काम २०१२ च्या जानेवारीत ३.२ कर्नलमध्ये आलं. १०० मिलिसेकंदांचा एक काळ धरतात. आठ कोअरचा कोटा म्हणजे त्या काळात मिळून ८०० मिलिसेकंद सीपीयू. पण ड्रोनच्या प्रोसेस आठ कोअरवर बसत नाहीत, त्या सोळावर पसरतात. सोळा कोअरवर ८०० मिलिसेकंद पन्नासातच संपतात. मग उरलेले ५० मिलिसेकंद सगळ्याच्या सगळ्या गोठलेल्या. पुन्हा नवा काळ, पुन्हा ५० पळायचं, ५० थांबायचं.

ड्रोनला त्याचं काही वाटणार नाही, एकूण वेळ वाढेल इतकंच. पण हीच गोष्ट वेबच्या कंटेनरला लावा. कोटा दोन कोअरचा, थ्रेड आठ, आठही एकदम कामाला लागले. २०० मिलिसेकंद पंचवीसात खलास, पुढचे ७५ थंड. ग्राहकाने बुक बटण दाबलं नेमकं तेव्हा. सरासरी सीपीयू वापराचा आलेख बघितला तर चाळीस टक्के, सगळं आलबेल. आणि ग्राहक म्हणतो साइट अडकते. सीपीयू-स्टॅट फाइलमध्ये थ्रॉटल झाल्याचे (कोटा संपून थांबवल्याचे) आकडे असतात, ते कोणी उघडून बघत नाही.

रात्रपाळी

ताई, थ्रॉटलचं मान्य. पण कोटा सरसकट वाईट नाही. आम्ही ग्राहकाला दोन कोअर विकतो. पहिल्या महिन्यात मशीन रिकामं म्हणून त्याला सहा मिळाले, तर त्याला सवय लागते. मग शेजारी भरले की फोन येतो, "तुमचा सर्व्हर हल्ली स्लो झालाय." त्याला पहिल्या दिवसापासून दोनच मिळालेले बरे. शिवाय परफॉर्मन्स टेस्ट घेताना आज एक आकडा आणि उद्या दुसरा नको असेल तर कोटाच लागतो.

टर्मिनलताई

विकणाऱ्याचं गणित वेगळं, ते मान्य. पंचवटीकर मात्र कोणाला विकत नाहीयेत, घरातल्या घरात वाटतायत. त्यांना वजनच.

गोदाकाठ

वाचनखूण साठवली. एक शंका : आमच्याकडे विंडोज सर्व्हर आहे, रिमोट डेस्कटॉपने वीसेक जण येतात. तिथे असं काही आहे का?

जुना_सिसॅडमिन

आहे. २००८ आर२ पासून रिमोट डेस्कटॉप सेशनमध्ये सीपीयू सेशननुसार वाटायची सोय आहे, डायनॅमिक फेअर शेअर शेड्युलिंग म्हणतात. २०१२ मध्ये डिस्क आणि नेटवर्कही त्यात आले. सोलारिसमध्ये तर २००२ पासून प्रोजेक्टनुसार शेअर देता येतात. आणि तुमच्या खिशातल्या फोनमध्येही आहे. जुन्या अँड्रॉइडमध्ये मागे पडलेल्या अॅपचा एक वेगळा गट असायचा, त्याला १०२४ च्या जागी फक्त ५२ शेअर. पाचएक टक्के. म्हणून मागे काहीही चाललेलं असलं तरी समोरचं अॅप चालत राहायचं.

पंचवटीकर

स्लाइस केली, ड्रोन त्यात टाकला. रिपोर्ट ड्रोनच्या जोडीने चालवला आणि जवळपास एरवीच्याच वेळेत संपला. ड्रोनवाल्यांना अजून काही कळलेलं नाही, आणि मीही सांगायला गेलेलो नाही.

आता साहेबांची मागणी : वेबसाइटला ३००, बाकी दोघांना १००-१००. म्हणजे वेबला ६० टक्के राखीव ना? वेबची प्रोसेस सिस्टम स्लाइसमध्ये (सगळ्या सेवांच्या नेहमीच्या गटात) आहे, म्हणून मी त्या स्लाइसलाच ३०० देणार होतो.

टर्मिनलताई

तीन गोष्टी.

६० टक्के कधी? तिघेही पोटभर मागत असतील तेव्हाच. आणि "राखीव" म्हणू नका, वेब शांत असेल तेव्हा ते बाकीच्यांना जाणारच.

दुसरं, वजनाची तुलना फक्त भावंडांत होते. सिस्टम स्लाइसला ३०० दिलेत तर ते वेबबरोबर डेटाबेस, बॅकअप, क्रॉन (ठरल्या वेळची कामं), लॉग फिरवणारं सगळं लटांबर मिळून ३००. आत वेबच्या वाट्याला काय येईल ते आतल्या भांडणावर. बॅकअप दुपारी सुटला की वेबचीच चटणी. डेटाबेस आणि वेब मिळून एक स्वतंत्र स्लाइस करा आणि ३०० तिला द्या. बुकिंग अडतं ते दोघांपैकी कोणीही अडलं तरी, म्हणून दोघं एकत्रच हवेत. नाव देताना मध्ये डॅश टाकू नका. "बुकिंग-वेब" नाव ठेवलंत तर सिस्टमडी त्याचा अर्थ बुकिंग स्लाइसच्या आतली वेब स्लाइस असा लावतं, आणि तुमचे ३०० एक पायरी खाली जाऊन पडतात, जिथे स्पर्धक कोणीच नसतो. वर बुकिंगला आपलं नेहमीचं १००.

तिसरं, वजन वाटा ठरवतं, चपळाई नाही. वेबला एकूण वेळ कमीच लागतो, पण लागतो तेव्हा लगेच. २०२३ च्या ऑक्टोबरात ६.६ कर्नलमध्ये पीटर झिलस्ट्रा यांनी सीएफएसच्या जागी ईईव्हीडीएफ आणला तो यासाठीच. मूळ कल्पना १९९५ ची, आयन स्टोइका आणि हुसेन अब्देल-वहाब यांची. वाटा तेवढाच ठेवून छोटे तुकडे मागणाऱ्याला लवकर नंबर द्यायचा. तुमचा कर्नल जुना आहे, पण ३०० वर तुमचं काम भागेल.

मळेवाला

साहेबांना ३०० कुठून सुचला?

पंचवटीकर

१००० म्हणत होते. मीच खाली आणलं.

अंबड_लिंकरोड

आणि ड्रोनने रॅम खाल्ली तर?

जुना_सिसॅडमिन

त्यावर सीपीयूचं वजन काही करत नाही. वेळ मागे घेता येतो, मेमरी तशी घेता येत नाही. त्याच स्लाइसमध्ये मेमरी-हाय (ओलांडली की काम मंदावणारी मर्यादा) लावा, मॅक्सला (ओलांडली की प्रोसेस मारली जाऊ शकते ती मर्यादा) लगेच हात घालू नका. ड्रोनचं एक पूर्ण काम चालू असताना सिस्टमडी-सीजीटॉपमध्ये ड्रोनच्या स्लाइसची मेमरी जास्तीत जास्त कुठवर जाते ते बघून इथे टाका, मग आकडा ठरवू.

पंचवटीकर

उद्या दुपारी पिंपळगावचे फोटो येतायत, त्या वेळचा आकडा टाकतो.